लाल औषधाचं झाकण

डॉक्टरांकडे माझा नंबर अकरावा होता. समोरच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या आणि दोघींच्या मध्ये, हाताची घडी घालून, दादा.

"वहिनी, दादाला झालंय काय?"

"काही नाही. धडधाकट आहेत."

"मग इथे कशाला?"

"रिटायर झाल्यापासून घरी कॉकटेलं करतात ना. पुस्तकात लिंबू लिहिलंय, पण यांचे दात आंबतात, म्हणून संत्रं. साखर नको, म्हणून मध. व्हिस्की मात्र मोजून दोन मापं."

"माप कसलं?"

"खोकल्याच्या लाल औषधाचं झाकण."

"न धुता?"

"आत औषधच तर होतं, म्हणायचे. आणि येणारा-जाणारा चवीचं कौतुक करून थकायचा. हे म्हणायचे, हात लागतो त्याला."

"मग बिघडलं कुठे?"

"परवा मी ते झाकण गरम पाण्यात घासलं."

"आणि?"

"चव गेली. शेजाऱ्यांनी अर्धे ग्लास तसेच ठेवले. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत."

"अहो, मग औषधाची दुसरी बाटली आणायची."

"चिठ्ठीशिवाय देत नाहीत."

"दादा, एवढ्यासाठी तू डॉक्टरांकडे आलास?"

"शनिवारी व्याही येतायत. त्यांना मी वर्षभर त्या चवीचं सांगतोय."

"दहा नंबर, आत या."

"उठा. आणि ऐका, कोरडं खोका. काल ओलं खोकलात आणि पांढरं औषध घेऊन आलात."