सूर्यफुलाची टाकी

...नाही नाही, हसू नका, आधी ऐकून घ्या! मी नेली ती टाकी माझी, आणि मला मिळाली ती भलत्याचीच! प्रोपेन गॅसची हो, कॅम्पिंगला नेतात ती, मांडीवर घेता येईल एवढी बुटकी, वर कडी असलेली. आता टाक्या काय, सगळ्या सारख्याच, असं म्हणाल तुम्ही. तो दुकानदारही तेच म्हणाला! पण माझ्या टाकीवर सूर्यफूल होतं, बायकोनं काढलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, दोन दिवस मान मोडून, मधली एकेक बी सुद्धा वेगळी... आणि ती टाकी मी भरदिवसा स्वतःच्या हातानं देऊन आलो. आता तुम्हीच सांगा, आपलं म्हणावं तरी कुणाला?

त्याचं असं झालं. लग्नाला आमच्या अठ्ठावीस वर्षं झाली, आणि तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं सकाळचा पहिला चहा तिनंच केलाय. मी एकदाही नाही. ती काही बोलली नाही कधी... म्हणजे बोलली, रोज बोलली, पण ते बोलणं आहे असं मला वाटलं नाही. यंदा मात्र ठणकावून म्हणाली, "मला एकदा, फक्त एकदा, आयता चहा हातात पाहिजे. तळ्याकाठी, तंबूच्या दारात बसून. तुमच्या हातचा." आणि तिच्या भावाकडची जुनी रिकामी टाकी मागून आणली, रंगवली, आणि माझ्यापुढं ठेवली. "घ्या. भरून आणा. आता सबब नको."

गेलो की मी भरायला! तिथं दोन खिडक्या. एकीवर लिहिलेलं, "भरून मिळेल", तिथं ही रांग, वळसा घालून पार रस्त्यापर्यंत. दुसरीवर लिहिलेलं, "बदलून मिळेल", आणि तिथं चिटपाखरू नाही! मी म्हटलं, वा, लोक मूर्ख आहेत. दिली टाकी. त्या माणसानं ती मागं सरकवली आणि जाळीतून दुसरीच काढून ठणकन पुढ्यात आदळली. करडी, पोचा पडलेली, कडेला गंज. मी आपला उभा.

तो म्हणाला, "झालं, काका."

"माझी कुठाय?"

"हीच."

"अहो, माझ्यावर फूल आहे!"

"यात गॅस आहे."

आता मला सांगा, इस्त्रीवाल्याला शर्ट दिला तर तो दुसऱ्याचा शर्ट देतो का? तोही पोचा पडलेला? मी आवाज चढवला, तर हा सुपारी चघळत, डोळे अर्धे मिटून, एखाद्या साधूसारखा म्हणतो, "काका... टाकी कुणाची नसते. ती फिरती असते. आज तुमच्याकडे, उद्या आणिक कुणाकडे." मी म्हटलं, तुझं तत्त्वज्ञान राहू दे बाजूला, मागं जाऊन शोध! तर मागं ट्रक निघालाच होता. सगळ्या रिकाम्या टाक्या भरायला चालल्या होत्या, आणि त्यांच्यात माझं सूर्यफूल, गर्दीत तोंड वर काढून... माझ्याकडं बघतही नव्हतं हो! आपलं म्हणावं तरी कुणाला?

आता घरी काय सांगू? खरं सांगायचं होतं. पण खरं सांगायला धीर लागतो आणि रंगाला नुसता ब्रश लागतो. ती बहिणीकडे गेली तशी मी बाथरूममध्ये टाकी घेऊन बसलो आणि काढलं सूर्यफूल. लांबून बघाल तर सूर्यफूल. जवळून बघाल तर... लांबूनच बघा. आणि एक देठ जरा भरकटला, तो चढत चढत थेट वरच्या तोंडापर्यंत गेला, जिथं शेगडीची नळी बसते. म्हटलं, छान दिसतंय. वाळू दिलं.

पुढच्या शनिवारी तळ्यावर गेलो. सकाळी सहाला उठलो, मी! पाणी ठेवलं, पत्ती काढली, कप पुसले. शेगडीची नळी लावायला गेलो तर बसेना! तोंडाशी रंग वाळून दगड झालेला. फिरवतोय, दाबतोय, फुंकतोय, आणि तंबूतून आवाज, "झाला का हो चहा?"

"होतोय, होतोय!"

आणि तेवढ्यात शेजारच्या तंबूकडं नजर गेली. एक दाढीवाला बसलेला, किटलीतून वाफ निघतेय, आणि खाली... सूर्यफूल! माझं! प्रत्येक बी जागच्या जागी! मी धावलो, "अहो, ही टाकी माझी आहे!" तो हसला आणि काय म्हणाला असेल? "काका, टाकी कुणाची नसते." म्हणजे सगळे एकाच गुरूचे चेले!

एवढ्यात बायको बाहेर आली. तिनं ती टाकी बघितली. मग माझी बघितली. मग परत ती. मी म्हटलं, आता तळ्यात उडी मारावी. पण ती ओरडली नाही हो, ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "बदलली, ते एक वेळ समजू शकते. पण माझं फूल तुम्हाला जमेल, असं वाटलं तुम्हाला?"

आणि सरळ जाऊन दाढीवाल्याच्या खुर्चीवर बसली! तो म्हणतो, "ताई, हे फूल काढणाऱ्याचा हात काय असेल!" ही म्हणते, "माझाच आहे." झालं! त्यानं कप दिला, दुसरा भरला, वर बिस्किटं! अठ्ठावीस वर्षांनी तिला आयता चहा मिळाला, तळ्याकाठी, तंबूच्या दारात, तिच्याच टाकीवरचा... आणि मी बारा हातांवर देठ खरवडत बसलेलो. सांगा, आपलं म्हणावं तरी कुणाला?

शेवटी आली. अर्धा कप माझ्यासाठी घेऊन आली. हातात दिला. म्हणजे तिथंसुद्धा, तुम्हाला सांगतो, सकाळचा पहिला चहा मला तिच्याच हातून... आणि वर विचारते, "साखर बरोबर आहे ना?"

बरोबर होती हो. तेवढंच तर बरोबर होतं.