सासूबाईंचा प्रश्न

महेशचे केस पांढरे झाले, पण परीक्षा काही संपत नाही. हा माझा नवरा फिजिशियन. सर्टिफिकेट टिकवायला त्याला दर तीन महिन्यांनी ऑनलाइन प्रश्न सोडवावे लागतात, तेही घड्याळ लावून.

परवा घरी तो मोठ्याने वाचत होता, "सत्तर वर्षांची बाई, पायांना सूज, चालताना दम लागतो. पुढे काय कराल?"

पुण्याहून सिंगापूरला आमच्याकडे आलेल्या सासूबाई समोर जवळच्या हौगांगच्या मार्केटातली गवार मोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, आधी तिला बसव तरी."

"आई, तू बोलू नकोस. पुस्तक बघितलेलं चालतं, माणसाला विचारलेलं नाही."

तेवढ्यात वेळ संपत आली, त्याने घाईत काहीतरी दाबलं आणि उत्तर चुकलं.

सासूबाईंनी काळजीने विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?"

"अगं, ती खरी बाई नाहीये. नुसता प्रश्न आहे."

सासूबाईंनी गवार बाजूला ठेवली आणि त्या खुर्ची ओढून त्याच्या पुढ्यात बसल्या.

"सत्तर वर्षांची बाई. सिंगापूरला आल्यापासून गुडघा दुखतोय. मुलगा डॉक्टर आहे, तो रोज म्हणतो, वयामुळे होतं. पुढे काय कराल? पुस्तक बघितलंस तरी चालेल."