उत्तर भिंतीच्या उघड्या दरजा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पुरातत्त्व खात्याचे आणि वन खात्याचे अधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे भिंगवाले साहेब, त्यांच्या घरच्या बाई, आणि चहाची वाट बघत मागच्या दाराशी उभे असलेले माझे कामगार बंधू-भगिनी, सगळ्यांना माझा नमस्कार.

नातीने कागदावर छान भाषण लिहून दिलं होतं. त्यात ‘वारसा’ हा शब्द इतक्यांदा आला की मी कागद घरीच ठेवला. मी दोन यत्ता शिकलेली बाई. तेवीस वर्षं या किल्ल्याच्या दरजा भरल्या, म्हणजे दगडांमधल्या फटींत चुना भरला. तेव्हा बोलायचं ते दरजांबद्दलच बोलेन.

किल्ला जंगलात. मग मालक कोण? दगड एका खात्याचा, पान दुसऱ्या खात्याचं. दारावर दोन पाट्या. एक म्हणते, दगडाला हात लावू नका. दुसरी म्हणते, झाडाला हात लावू नका. आणि रोप उगवायचं नेमकं दगडात! ते उपटायला दोन सह्या लागत. सह्या येईपर्यंत रोप मनगटाएवढं व्हायचं. मग वनवाले म्हणत, आता हे झाड झालं, तिसरी सही आणा. हसताय काय अध्यक्ष महोदय, ती तिसरी सही तुमचीच असायची.

साहेब आले तेव्हा नवेकोरे होते. खिशात भिंग. दगडाकडे बघायचे तसेच माणसाकडे बघायचे. पहिल्याच उन्हाळ्यात हुकूम सोडला: उत्तर भिंतीची एकही दरज उघडी दिसता कामा नये. वनरक्षक बाई वही घेऊन धावत आल्या. भिंतीतलं घरटं न् घरटं त्यांनी वहीत टिपलेलं.

“साहेब, पाखरं कुठे जातील?”

“बाई, पाखरांना एवढं जंगल पडलंय. माझ्या भिंतीला दुसरं कोण आहे?”

“मग बसा भिंतीला कवटाळून,” म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या.

आणि मी? मी भरली भिंत. खोटं कशाला बोलू, अशी भरली की सुई जाऊ नये. फोटो निघाले. पाखरं चार दिवस चोची आपटून गेली, मी ढुंकून पाहिलं नाही. स्वतःच्या हातावर फार खूश होते.

पावसाळ्यात भिंतीला पोट सुटलं. एका सकाळी बघतो तर वीस हात भिंत खाली. साहेब तिथंच चिखलात बसले. मला म्हणाले, “मावशी, चूक कुणाची?”

म्हटलं, “हुकूम तुमचा, हात माझा. निम्मी-निम्मी घेऊ.”

ते हसले नाहीत. उठले आणि वनरक्षक बाईंची वही मागितली. बाईंनीही आढेवेढे न घेता दिली. उरलेल्या भिंतीवर वहीतल्या एकेका घरट्याच्या जागी मी चुना खरवडला, साहेबांनी काठी घातली. काठी कोपरापर्यंत आत! आणि मागोमाग भसाभस पाणी. भिंतीमागच्या मातीतलं पाणी निघायला जुन्या गवंड्यांनी त्या वाटा ठेवल्या होत्या. पाखरं तिथली नुसती भाडेकरू. पाण्याला खोल भोक लागतं, घरट्यालाही लागतं. चिवचिवाटाची वही म्हणून साहेबांनी हसण्यावारी नेली, तोच भिंतीचा नकाशा निघाला.

साहेबांनी वर अहवाल पाठवला. त्यात लिहिलं, ‘चूक माझी.’ सगळीच्या सगळी. माझा निम्मा वाटासुद्धा मला विचारल्याशिवाय घेऊन टाकला. त्यापायी त्यांची बढती चार वर्षं अडकली. कुणी केलं असतं असं? अध्यक्ष महोदय, तुम्ही?

तेव्हापासून दर उन्हाळ्याआधी आम्ही तिघं भिंतीलगत चालतो. साहेबांचा पांढरा खडू म्हणजे भर. बाईंचा हिरवा म्हणजे सोड. मला अक्षरं बेताची येतात, रंग चोख कळतात. दोघांचं जुळलं नाही तर काठी ठरवते. रोपं बोटाएवढी असतानाच निघतात, सह्या जागेवरच. ज्याच्या मुळांनी भिंत धरून ठेवलीय, ते झाड राहतं. भिंत आज ताठ उभी आहे. पाखरंही परत आली. घाण फार करतात, पण आली.

आता एक अडचण. नवे साहेब त्या टोकाला बसलेत, पाणी पिताहेत. काल फलकावर त्यांचा हुकूम लागला. नातीने वाचून दाखवला: पावसाआधी उत्तर भिंतीच्या सर्व दरजा भराव्यात. साहेब, तुम्ही माणूस चांगले दिसता. त्या पहिल्या उन्हाळ्यात हे भिंगवाले साहेबही दिसायचे. ही चूक एकदा नीट करून झाली आहे, तुम्ही पुन्हा करायचं कारण नाही. सोमवारी सकाळी भिंतीपाशी या. बाई वही आणतील, मी काठी आणते. तुम्ही फक्त जुने बूट घाला. येणार ना?

मान हलवली. सगळ्या सभेने पाहिलं. अध्यक्ष महोदय, इतिवृत्तात लिहून घ्या.

भिंगवाले साहेब, खात्याने तुम्हाला घड्याळ दिलं. माझ्याकडे द्यायला काही नाही, उलट मागायचंच आहे. तुमच्या खिशात पांढरा खडू असतो, आताही असेल. तो नव्या साहेबांच्या हातात द्या. आत्ता, माझ्यादेखत.

दिला? बरं झालं. तुमच्या हाताखाली काम केलं याचा मला अभिमान आहे. हे मी एकदाच बोलते, पुन्हा विचारू नका.

मला बोलायला उभं केलंत, आभार. पाच मिनिटं दिली होती, जास्तच घेतली. बोलण्यात कुठे फटी राहिल्या असतील तर पोटात घाला. काही मुद्दाम ठेवल्यात.