अरबी अक्षरांतला सिनेमा

कुवेतमधल्या अबू हलीफाच्या बसथांब्यावर रत्नागिरीची कुबरा उभी होती. बुरख्यातल्या बाईला मराठी कुठलं कळायला, म्हणून शेजारचं पुणेरी जोडपं मोकळ्या गळ्यानं भांडत होतं. दोघं नॉर्वेचा जुना सिनेमा पाहून आली होती. पडद्यावरची अक्षरं अरबी, म्हणून नवऱ्यानं बायकोला अर्थ सांगितला होता.

“आदित्य, शेवटी ती नायिका नवऱ्याला काय म्हणाली?”

“भाजी घेऊन येते म्हणाली.”

“एवढी मोठी बॅग घेऊन?”

“तिकडे कोबी मोठे असतात, लीना.”

“आणि तो ढसाढसा रडला, तो कोबीसाठी?”

“कांदा चिरला असेल.”

“तुला अरबी येतं कधीपासून?”

“दह्याचा डबा ओळखतो की!”

“त्यावर गाय असते.”

“बरं, नाही येत. ती सोडून गेली, हे तुला सांगवेना. तू सुट्टीला माहेरी निघालीस, तर येण्याचंही तिकीट काढू ना?”

“नको. जाण्याचंच काढ.”

“लीना…”

“न्यायला ये. आईसमोर बसून विचार, येतेस का म्हणून.”

“आणि नाही म्हणालीस तर?”

“तर जेवून परत जा.”

“जेवायला काय करतील गं त्या?”

“ये तर खरा.”