राखणीची गोळी

...आनि वर ती दातांची डॉक्टरीनबाई मलाच इचारते, "येसूबाई, तुमच्या नातीला एवढं गोड देतं तरी कोण?" आता काय सांगू, कपाळ? तुमाला सांगते, पालघरकडच्या आमच्या माहीमच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले का राखन लागते, नायतर सगळे कावळ्यांच्या पोटात! पुरुष होडीवर, बाया बाजारात... मग राखनीला कोन? आमची हिरा! काठी घेऊन भर उन्हात "हाऽऽड, हाऽऽड" करत पळते... एवढ्याशा पोरीला खाऊ द्यायला नाय कोन म्हनंल?

शेजारची सोमी येते, "माज्या बोंबलांवर पन नजर ठेव गो बाय," का दिली गोळी! कमळी गुळाचा खडा देते. होडीवरचा देवू तांडेल तर एसटीनं पालघरला गेला का लेमनच्या गोळ्यांची पुडीच आनतो, "खा गो, झोप नाय येनार!" आनि मी देते ती येगळीच, मी तर सख्खी आजी! नाय कोन म्हनंल?

मग काय, एक दिवस सकाळी बघते तर गाल हा एवढा सुजलेला! पेज पन गिळंना, माज्या मांडीवर पडून नुसती कन्हते. जीव उडाला माजा! नशीब, त्याच दिवशी शाळेत दात तपासायला ही डॉक्टरीनबाई आलेली. उचलली पोर नि धावले! ती म्हनते, "दुधाचे दात पडणारच म्हणून सोडून द्यायचे नसतात, खालच्या नव्या दातालाही धोका असतो. या शाळेत ज्याचं तोंड उघडावं त्याचे दात काळे!" काळेच असनार बाय, सगळ्यांच्याच अंगनात बोंबील हायत!

दाढ काढली. माजा अंगठा घट्ट धरून बसली, पन रडली नाय हो... रडले मी! आनि बाहेर येतो तर दारात सोमी उभी, "धीट गो माजी बाय, घे गोळी!" डॉक्टरीनबाईनं कपाळावर हातच मारला.

आता हिराची गोळी बंद, राखन पन बंद. शाळेत जाते, हसत जाते. आनि काठी घेऊन उन्हात बसते कोन? मी! काल सोमी आली, "काकी, माज्या बोंबलांवर पन नजर ठेवा," नि गोळी ठेवली हातावर. मी म्हटलं, "नको गो, डॉक्टरीनबाई रागवंल." तर म्हनते कशी, "तुमच्या तोंडात किडायला उरलंय काय?"

खरंच की... बसते चघळत. मला आता नाय कोन म्हनंल?