अण्णांनी पत्ता मागितलाय

सेल्वम अण्णांचं नाव पहिलं लिहा, बाकीचं मागनं येऊ दे, कारण अण्णा नसते तर मी आज ऑकलंडात हिल्सबरोच्या या घरात बसून तुमच्याशी बोलत नसतो, मिरजेत माझ्या बापासारखा गोडाऊनात पोती उचलत असतो. आमची एक खोली आणि माणसं सहा, अभ्यासाला जागा म्हणाल तर उंबरा, तिथंही येणाराजाणारा पाय लावून जायचा. अण्णांचा इडलीचा गाडा आमच्या गल्लीच्या तोंडाला होता. तमिळनाडूतनं तरुणपणी आलेला माणूस, मिरजेतच संसार केला. मी आठवीत होतो, गाड्याच्या आडोशाला वही घेऊन बसलेलो, तर अण्णांनी बघितलं आणि विचारलं, जेवली का रे तू? अण्णांचं मराठी असं, पुरुषाला बाई करायचे आणि बाईला पुरुष. मी नाही म्हटलं. त्यांनी चार इडल्या दिल्या आणि म्हणाले, दुपारी गाडा बंद झाला की मागची खोली तुझी, पण चटणीचं खोबरं खायचं नाही.

पदवीपर्यंत नऊ वर्षं त्या खोलीत बसून शिकलो बघा. अण्णा मला इंजिनियर म्हणायला लागले ते नववीतच. ए इंजिनियर, गणित सुटत नसेल तर डाळ वाट, डोकं चालते. कॉलेजच्या अॅडमिशनला माझा बाप ऑफिसच्या दारातच थांबला, साहेबलोकांपुढं त्याची जीभ उचलायची नाही. तेव्हा अण्णा आत गेले आणि पालकाच्या रकान्यात स्वतःची सही केली, तमिळमध्ये. कारकून हसला. घरी येऊन अण्णा म्हणाले, मला मराठी लिहायला शिकव, पुढच्या वेळी ती हसली नाही पाहिजे. मी शिकवलं. मोठ्या अक्षरात, सुटं सुटं लिहिलेलं अण्णा आजही वाचतात. आमच्या घरात पहिला पदवीधर मी, आणि त्या पदवीवर निम्मा हक्क अण्णांचा, हे मी कुणालाही सांगतो.

आता काय सांगू तुम्हाला, म्हणूनच हे सगळं झालं.

अण्णांची मुलगी कयल, मिरजेत माझ्यासमोर लहानाची मोठी झालेली, मला दादा म्हणते. दोन वर्षांपूर्वी ती इथं नर्सिंग शिकायला आली. अण्णा फोनवर म्हणाले, इंजिनियर, आता पालक तू. फॉर्मवर मी सही केली, तेव्हा ऊर भरून आला होता माझा. ती आमच्याकडेच राहायची, आमचा ओम इंग्रजीतनं उत्तर द्यायचा आणि ती त्याला मराठीतनं रागवायची. दर रविवारी मी तिचा एक फोटो अण्णांना पाठवायचो, खाली दोन ओळी, कयल मजेत, अभ्यास चालू. अण्णांचा लगेच अंगठा यायचा. माझी बायको स्मिता म्हणायची, अहो, मोठी मुलगी आहे ती, रिपोर्ट कसले पाठवता? मी म्हणायचो, तुला नाही कळायचं, बापाचा जीव आहे तो.

मागच्या महिन्यात अण्णांचा फोन आला, एक तमिळ पिक्चर लागलाय, मी तीनदा बघितला, कयलला घेऊन जा, आणि तिला कसा वाटला ते मला सांग. म्हटलं बरं. कयल म्हणाली, दादा, मला हाणामारी नको. पण अण्णांनी सांगितलंय म्हटल्यावर मी काय ऐकणार, रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. थिएटरच्या दारात एक मुलगा भेटला, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपरा, हात ग्रीसने काळे, कयल म्हणाली, हा अरुल, ओळखीचा आहे, पापाकुराला बसच्या गॅरेजात मेकॅनिक आहे. तो आमच्याच रांगेत बसला.

पिक्चर असा होता, एका गावात मोठ्या घरची मुलगी, तिचे तीन भाऊ, बाप कोयता घेऊन फिरणारा, आणि तिचं प्रेम एका लॉरी ड्रायव्हरवर, त्याचे लोक मयताला ढोल वाजवणारे. पहिल्याच गाण्यात ढोल सुरू झाले तसे लोक शिट्ट्या मारायला लागले, कागद उडवायला लागले, आणि हा अरुल खुर्चीवर हाताने ताल धरून नाचायलाच लागला. इंटरव्हलला मी त्याला विचारलं, आपण सगळ्यांनाच विचारतो तसं, गाव कुठलं तुमचं? त्यानं नाव सांगितलं, आणि हसून म्हणाला, माझे आजोबा हेच वाजवायचे, असेच ढोल. मला इतकं कौतुक वाटलं हो! कुठलं ते गाव, कुठं हा दक्षिण टोकाचा देश, आणि आजोबांचा ताल पोराच्या बोटात. मी सगळ्यांचा आइस्क्रीम खाताना फोटो काढला आणि तिथनंच अण्णांना पाठवला. खाली लिहिलं, कयल मजेत, सोबत अरुल, गाव अमुक, आजोबा ढोल वाजवायचे, गुणी मुलगा.

शेवटी पिक्चरमधला बाप कोयता टाकतो आणि नातीला उचलून घेतो. सगळं थिएटर रडलं, टाळ्या पडल्या. कयल तेवढी मान खाली घालून बसलेली.

अण्णांचा अंगठा आला नाही. दोन निळ्या खुणा दिसत होत्या, पण अंगठा नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी कयलला म्हटलं, अण्णांची तब्येत बरी नाही का गं? तिनं माझा फोन घेतला, तो मेसेज वाचला, आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, दादा, तुम्ही काय पाठवलंत हे तुम्हाला कळलंच नाही. गाव सांगितलंत, ढोल सांगितलात, आता त्यांना आणखी काय विचारायचं राहिलं? आम्ही लग्न करणार होतो, मी सांगणारच होते, पण माझ्या पद्धतीनं.

बुधवारी अण्णांचा फोन आला. मी म्हटलं, अण्णा, पिक्चर छान होता. ते म्हणाले, पिक्चर चांगला आहे, शेवट खोटा आहे. कुठलाही बाप कोयता टाकत नाही. मग विचारलं, तो मुलगा राहतो कुठे? मराठीत एकही चूक नव्हती त्या दिवशी. तेवढ्यानंच मला धसका बसला, माहीत नाही म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कयल बॅग घेऊन पापाकुराला गेली. त्यांनी रजिस्टर लग्न केलं, साक्षीदार स्मिता. कयलनं पोलिसांनाही कळवून ठेवलंय, मी म्हटलं एवढं कशाला, अण्णा आहेत ते! तर स्मिता म्हणाली, तुमच्या मिरजेतही असे बाप होतेच की, ते कुणाचे ना कुणाचे अण्णाच होते.

आता अण्णा येतायत, पुढच्या गुरुवारी, सोबत पांडी, त्यांचा भाचा, कयलला जो आधी बघितला होता तो. एकच मेसेज आलाय, पत्ता पाठव, मला फक्त बोलायचं आहे. आठ दिवस झाले, मी तो मेसेज रोज उघडतो. माझ्यावरचे उपकार त्यांनी एकदाही बोलून दाखवले नाहीत, आणि तेच जड जातंय. पूर्वी अण्णांनी काही मागितलं की माझे हात आपोआप हलायचे.

काल मी कागदावर पत्र लिहिलं, मोठ्या अक्षरात, सुटं सुटं, फोटो काढून पाठवलं, मूळ कागद पोस्टात टाकला. निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही. तुम्ही ते जसंच्या तसं उतरवून घ्या.

अण्णा, नमस्कार.

गुरुवारी मी विमानतळावर येतो. तुमची खोली तयार आहे. ओमला तुमच्या हातची चटणी खायची आहे. पांडीला आणू नका.

कयलचा पत्ता मी देणार नाही. रागावलात तरी नाही, रडलात तरी नाही. तिला वाटलं तर ती इथे येईल, माझ्या घरात, माझ्यासमोर.

गाड्यापाशी मी वही घेऊन बसलो होतो, तेव्हा तुम्ही विचारलंत, जेवली का रे तू. माझं आडनाव विचारलं नाहीत, माझी जात विचारली नाहीत. मी त्यावरच मोठा झालो. अरुललाही तेवढंच विचारा.

माझा पालक म्हणून तुम्ही सही केली होती. कयलच्या कागदावर माझी सही आहे. ती मी मागे घेत नाही.

तुमचा इंजिनियर,
संजय