अपानाय स्वाहा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात, बासष्ट वर्षांच्या माणसाच्या पोटात स्फोट झाला. बाहेरून कोणी काही टाकलं नव्हतं. पेटला तो त्याच्याच आतड्यातला वारा.

मंडळी, ऐका. हसू आलं ना? टाळकरी तर आधीच हसले. हसून घ्या, पुढं जागा मिळणार नाही. आजचा प्रश्न एवढाच – माणसानं लाज राखावी की जीव राखावा? तुम्ही म्हणाल, बुवा, हा काय प्रश्न झाला? जीव! अहो, सगळे जीवच म्हणतात. त्या माणसाला विचारलं असतं तर तोही तेच म्हणाला असता.

त्याचं नाव दत्तात्रय कोठावदे धरा. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गुरुजी. पण ही गोष्ट त्यांची कमी, त्यांच्या बायकोची, प्रमिलाबाईंची जास्त. कारण गुरुजींना आता काहीच ठाऊक नाही, आणि बाईंना सगळं ठाऊक आहे.

वैशाखात त्यांच्या हर्षदाचं लग्न झालं. व्याह्यांकडची पहिली पंगत बसली, आणि चौथ्या घासाला गुरुजी उठले. बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. का उठले? पोट फुगलं होतं, वारा अडला होता. चारशे माणसांत तो सोडायचा कसा?

मंडळी, या मंडपात पादत नाही असा कोण आहे? हात वर करा. एकही नाही. राजा पादतो, संन्यासी पादतो, आणि हे आपले पेटीवाले – जाऊ द्या, त्यांना अजून तासभर साथ करायची आहे. दिवसातून दहा-पंधरा वेळा हे चालायचंच, असं वैद्यकशास्त्र सांगतं. जेवायला बसताना आपण आहुती देतो ना? प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा. अपान म्हणजे तोच, खालचा वारा. थोरांनी त्याला प्राणाच्या शेजारचं पान दिलं, आणि आपण त्याचं नाव घ्यायला लाजतो.

गुरुजींनी उठण्याचं कारण सांगितलं नाही. मग व्याह्यांनी आपलं कारण शोधलं – "आमच्या अन्नाला नाव ठेवून उठले." ते हर्षदाला चार महिने पुरलं. आमटीत मीठ कमी पडलं की सासू म्हणायची, "तुला काय, तुझे वडील तर चव न घेताच उठतात." फोनवर पोरगी रडत नसे. नुसती गप्प व्हायची. प्रमिलाबाई ते गप्प राहणं कानाला लावून बसायच्या.

आणि भाद्रपदात गुरुजींना रक्त जाऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, "आतड्यात बोराएवढी गाठ आहे. दुर्बीण घालू, तापलेल्या तारेनं कापून काढू. घाबरायचं कारण नाही. फक्त पोट अगदी रिकामं हवं."

सोमवारी दुपारी भरती झाले. गावित सिस्टरनं पाण्यात कालवलेल्या औषधाचे दोन जग समोर ठेवले. "गुरुजी, रात्रीपर्यंत दोन्ही संपवायचे. चव भिकार आहे, मी आधीच सांगते. आणि अन्नाचा कण नको."

एक जग कसाबसा गेला. साडेपाचला दारात विहीणबाई. मागं व्याही, त्यांच्या मागं खाली मान घातलेली हर्षदा. आणि हातात डबा. डब्यात काय? खापरावरचे मांडे. पातळ मोठी पोळी, आत हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, वर तूप. आपल्या खानदेशात मांडा करायचा म्हणजे काय खटाटोप, ते बायकांना विचारा.

"विहीणबाई, डॉक्टरांनी सांगितलंय की…"

"डॉक्टर काय, उपाशीच मारतात. दीड तास एसटीत मांडीवर डबा धरून आलेय मी, गुरुजी. लग्नात घास राहिला होता तो आज पुरा करा." हसत म्हणाल्या. पण म्हणताना बघितलं हर्षदाकडे.

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मुलीकडे पाहिलं. मग गुरुजींनी तळहातावर पाणी घेतलं. प्राणाय स्वाहा. अपानाय स्वाहा. एक मांडा खाल्ला, दुधात कुस्करून. हर्षदा हसली. लग्नानंतर पहिल्यांदा आईनं तिला हसताना पाहिलं. त्या हसण्यापायी दुसरा मांडा प्रमिलाबाईंनी स्वतः वाढला.

मग औषध जाणार कुठं? व्याहीमंडळी चहाला बाहेर गेली तेव्हा गुरुजी हळूच म्हणाले, "दुसरा जग ओतून टाक. सिस्टरला कशाला वाईट वाटायला हवं?" बाईंनी तो मोरीत ओतला.

मंगळवारी सकाळी साडेसहाला एनिमा झाला. गावित सिस्टर फॉर्म घेऊन आली. समोरच्या बाकावर रात्री मुक्कामाला राहिलेले व्याही आणि विहीणबाई.

"औषध सगळं संपलं?"

"हो."

"काही खाल्लं नाही ना?"

"छे."

"पोट पूर्ण साफ? वारा किती सरतोय, फुगल्यासारखं वाटतंय का?"

गुरुजी कानापर्यंत लाल झाले. "सगळं व्यवस्थित आहे हो."

सिस्टर वळली. "मावशी, तुम्ही सांगा. पुरुष माणसं मला रोज खोटं सांगतात."

विहीणबाई बघत होत्या. प्रमिलाबाईंनी मान हलवली. फॉर्मवर तीन खुणा झाल्या.

एनिमानं खालचा भाग लख्ख झाला होता. गाठ तिथंच, वीतभर आत. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, स्वच्छ दिसलं. वरचा भागही साफ आहे असं सांगणारा फॉर्म हातात होता. त्यांनी तार तापवली.

बाहेर बाकावर बसलेल्यांना आवाज आला, पत्र्याचं पिंप आपटावं तसा. व्याही म्हणाले, "सिलिंडर पडला वाटतं."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा गाऊन खराब झाला होता. त्यांनी काही लपवलं नाही. "मावशी, पोटात अन्न उरलं की आतड्यातले जंतू ते कुजवतात. त्यातून हायड्रोजन होतो. काहींच्या पोटात मिथेनही होतो, तुमच्या गोबरगॅसमध्ये जळतो तोच. त्यात हवा मिसळली आणि ठिणगी मिळाली की पेटतो. पण रिकाम्या पोटात तो एवढा साठत नाही. काय खाल्लं होतं त्यांनी?"

मंडळी, तुम्ही घाबरू नका. घरी जाऊन भजी खा. वायू, हवा आणि ठिणगी बंद जागेत एकत्र आली तरच हे होतं, आणि तुमच्या पोटात कोणी तार तापवत नाही. पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते गाठीशी बांधा. ज्याचा वास येतो तो गंधकाचा अंश, अगदी थोडा. आणि हायड्रोजनला, मिथेनला वासच नसतो. आपण आयुष्यभर नाक कशाला दाबतो, आणि पेटतं काय!

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

विहीणबाई शेजारीच उभ्या. त्यांचा चेहरा पांढरा. "मांड्यानं तर काही झालं नसेल ना हो?" त्या बाईंच्या कानात म्हणाल्या.

"नाही हो," प्रमिलाबाई म्हणाल्या. आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "काही नाही खाल्लं."

आतडं दोन ठिकाणी फाटलं. दोनदा पोट उघडलं. गुरुजी यंत्रावर आहेत. बाईंच्या दिरानं दवाखान्याच्या दारात वीस माणसं जमवली, सिस्टरनं तपासलं नाही म्हणून तक्रार दिली. गावित सिस्टरला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. गुरुवारी ती साध्या साडीत आली.

"मावशी, मी विचारलं होतं ना?"

"हो."

"तुम्हालाही विचारलं होतं."

"हो गं."

"मग तेवढं तरी सांगा त्यांना." रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही.

आता बाईंनी काय करावं? खरं सांगितलं, तर हर्षदानं ज्या घरात जन्म काढायचा तिथं ती सासूच्या मांड्यानं बाप जळाला म्हणणाऱ्या आईची मुलगी ठरेल. नाही सांगितलं, तर एक सच्ची बाई कामावरून जाईल. आणि दोन्हींतून गुरुजींना काहीच मिळत नाही. काहीच नाही, मंडळी. एका वाऱ्यानं पंगतीतून उठवलं, त्याचं नाव तेव्हा घेतलं असतं तर चारशे माणसं घटकाभर हसली असती. एवढंच झालं असतं.

बाईंनी हे सगळं एकाच ठिकाणी सांगितलं, देवळात खांबाआड, बुवाला. वर म्हणाल्या, "लोकांना सांगा, पण माझं नाव नको." म्हणून नावं, गावं बदलली आहेत. बघा, तिथंही लाज. आणि नाव बदलून सांगणाऱ्या बुवानं तरी काय मोठं केलं?

तुम्हीही कधी तिथं बसाल. कोणीतरी फॉर्म घेऊन येईल, विचारील. तेव्हा उत्तर कुणाला द्याल? विचारणाऱ्याला, की समोरच्या बाकावर बसलेल्यांना?

आज दुपारी चारपर्यंत कळलं ते असं. गुरुजी शुद्धीवर नाहीत. चौकशीचा कागद प्रमिलाबाईंपुढं ठेवला. 'रुग्णाने आदल्या दिवशी काय खाल्ले?' शेजारी हर्षदा बसली होती, धुतलेला डबा मांडीवर घेऊन. बाईंनी पेन हातात घेतलं. वीस मिनिटांनी कागद परत नेला, तेव्हा खाली सही होती. त्या प्रश्नापुढची जागा कोरी होती. उद्या अकरा वाजता तो पुन्हा आणणार आहेत.